शल्यतपस्वी डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. दान दिले जाते त्या दिवशी त्याचे फळ दिसतेच असे नाही. कित्येकदा दात्याच्या पश्चात दोन-तीन पिढ्यांनी ते फळ समाजाच्या हाती येते आणि तोवर दात्याचे नावही लोकांच्या विस्मरणात गेलेले असते. भारतात हृदयावरील शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक अग्रणी शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे जीवन हे अशाच एका दानाचे फळ होते. औषधदान आणि ज्ञानदान या दोहोंचा संगम त्यांच्या कार्यात झाला होता. त्यांच्या वाट्याला कीर्ती आली, तसेच साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत आलेले अपयशही आले. त्या दोहोंचा विचार केल्याशिवाय त्यांच्या जीवनाचे मोल कळणार नाही.

एका दानाची कथा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाची सोय होती. पण सरकारी महाविद्यालयातील वरिष्ठ जागा बहुतांशी ब्रिटिश सेवेतील अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. कितीही विद्वान असला तरी भारतीय डॉक्टरला तेथे दुय्यम स्थानावर समाधान मानावे लागे. अशा वेळी सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि तिला एक अट जोडली. या महाविद्यालयात शिकविणारे सर्व अध्यापक भारतीयच असले पाहिजेत, अशी ती अट होती. मुंबई महानगरपालिकेने परळ येथे राजे एडवर्ड यांच्या नावाचे रुग्णालय उभारले आणि १९२५-२६ साली महाविद्यालय व रुग्णालय ही दोन्ही सुरू झाली. जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय या नावांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता हे या महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता होत.

विश्वस्तांनी घातलेल्या एका अटीने भारतीय डॉक्टरांच्या पिढ्यांना स्वतःच्या बुद्धीवर उभे राहण्यासाठी हक्काची जागा मिळाली. सोलापूरकरांना या संस्थेविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. आपल्या नगरीचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९३८ साली युद्धग्रस्त चीनच्या मदतीसाठी गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होत. जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी तेथेच देह ठेवला. कोटणीसांना घडविणाऱ्या या वास्तूतच, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असलेले प्रफुल्लकुमार सेन शल्यविद्येचे धडे गिरवीत होते.

मुंबईला कर्मभूमी मानणारा बंगाली

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकाता येथे झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या जी. एस. महाविद्यालयात आले आणि मग मुंबईचेच झाले. विद्यार्थी, शल्यविशारद, प्राध्यापक आणि विभागप्रमुख अशा साऱ्या पायऱ्या ते याच संस्थेत चढले. खाजगी व्यवसायात त्यांना विपुल द्रव्य मिळविता आले असते. पण केईएम हे महानगरपालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे रुग्णालय. परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगार, कोकण आणि देशावरून रेल्वेने आलेले शेतकरी, अंगावरच्या वस्त्रांनिशी दाखल झालेल्या बायाबापड्या हे तेथील रुग्ण होते. सेन यांनी आपली विद्या या रुग्णांच्या सेवेत वेचली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उच्च प्रशिक्षणासाठी ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेले. तो काळ आणि ते शहर या दोहोंचा योग विलक्षण होता. आकुंचित झालेली हृदयाची झडप बोटाने मोकळी करण्याची शस्त्रक्रिया डॉ. चार्ल्स बेली यांनी जून १९४८ मध्ये त्याच शहरात यशस्वी केली होती. डॉ. जॉन गिबन हे हृदय आणि फुप्फुसे यांचे काम काही काळ यंत्राकडे सोपविण्याच्या ध्यासाने तेथेच वर्षानुवर्षे प्रयोग करीत होते. मे १९५३ मध्ये त्यांना यश आले. हृदयशस्त्रक्रियेची पहाट होत असताना सेन त्या नगरीत होते आणि तो प्रकाश घेऊन ते मायदेशी परतले.

हृदयाला हात लावण्याचे धैर्य

त्या काळी हृदयाला शस्त्र लावणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. शेकडो वर्षे वैद्यकाने हृदय हे अस्पर्श्य मानले होते. इ. स. १८९६ मध्ये जर्मनीतील डॉ. लुडविग रेन यांनी सुरीच्या घावाने फाटलेल्या हृदयाला टाके घातले आणि रुग्ण वाचला. तरीही पुढची पन्नास वर्षे हृदयाच्या आतील विकारांना हात घालण्याचे साहस फारच थोड्यांनी केले. शरीरातील इतर अवयव शस्त्रक्रियेच्या वेळी स्थिर असतात. हृदय मात्र क्षणभरही थांबत नाही आणि ते थांबले तर काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होते.

आपल्या देशात हृदयविकाराचे एक रूप विशेष क्रूर होते. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि काही दिवसांनी सारे बरे झाल्यासारखे वाटते. परंतु ऱ्हुमॅटिक ताप या नावाने ओळखला जाणारा हा आजार हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवून जातो. डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त नेणारी झडप हळूहळू जाड होते, तिची दले एकमेकांना चिकटतात आणि दोन बोटे जातील एवढा मार्ग काजाएवढा अरुंद होतो. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. जिना चढताना धाप लागते, रात्री उताणे निजवत नाही, खोकल्यातून रक्त पडते. दाट वस्तीत, एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे हा आजार अधिक फैलावतो. गिरण्यांच्या चाळींनी भरलेल्या मुंबई-सोलापूरसारख्या नगरांना तो अपरिचित नव्हता. विशी-पंचविशीतील विवाहिता गर्भारपणात या विकाराने दगावत आणि घरच्यांना त्याचे कारणही कळत नसे.

१९५०च्या दशकात सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएममध्ये या झडपेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. छातीची डावी बाजू बरगड्यांच्या मधून उघडावयाची, धडधडत्या हृदयाच्या कर्णिकेला लहानसे छिद्र पाडून त्यातून तर्जनी आत घालावयाची आणि डोळ्यांना न दिसणारी झडप केवळ स्पर्शाने ओळखून चिकटलेली दले सोडवावयाची. बोट आत असेपर्यंत रक्ताची वाट अडलेली असते, त्यामुळे सारे काही क्षणांत उरकावे लागते. बोट जरा चुकले तर झडप फाटून रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. मात्र या शस्त्रक्रियेला महागडे यंत्र लागत नसे, म्हणून गरीब देशाला ती वरदान ठरली. बिछान्यात बसून रात्र काढणारी तरुणी काही आठवड्यांनी पायी घरी जाई.

तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी अशा उपचारांची सोय नव्हती. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेच मुळी १९६३ साली. दूरच्या रुग्णांना मुंबईचा रस्ता धरावा लागे आणि तेथे पैसे नसलेल्यांसाठी परळच्या या रुग्णालयाचे दार उघडे असे.

हृदयालगतच्या दुर्मीळ गाठी

छातीच्या शल्यविशारदांना झडपांखेरीज आणखी एका अवघड विकाराशी झुंजावे लागे. हृदयाच्या आत किंवा त्याला लागून क्वचित गाठी वाढतात. हृदयाच्या आत वाढणारी, मऊ जिलेटिनसारखी मिक्झोमा नावाची गाठ बहुधा डाव्या कर्णिकेत असते. ती देठावर लोंबत असते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडविते. त्यामुळे तिची लक्षणे झडप आकुंचित झाल्यासारखीच दिसतात. हृदयाचे ध्वनिलहरींनी चित्र घेण्याची विद्या स्वीडनमध्ये १९५३ साली जन्माला आली. ती सर्वत्र रुळेपर्यंत या गाठीचे निदान जिवंतपणी फार थोड्यांचे झाले. झडप मोकळी करण्यासाठी आत घातलेल्या बोटाला झडपेऐवजी मऊ गाठ लागावी, असा प्रसंग त्या पिढीतील शल्यविशारदांवर येई. अशा वेळी बोट हलविणेही धोक्याचे, कारण गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू ठरलेला. मिक्झोमा काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५४ साली स्टॉकहोम येथे डॉ. क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी केली. हृदयाचे काम यंत्राकडे सोपवून, हृदय उघडून, डोळ्यांनी पाहून ती गाठ काढण्यात आली.

हृदयाच्या समोर, उरोस्थीच्या मागे असलेल्या थायमस ग्रंथीतही गाठ होते. तिचा एक परिणाम आश्चर्यकारक आहे. काही रुग्णांच्या पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, हात वर उचलत नाहीत. अशा एका तरुणीच्या छातीतील गाठ अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ साली काढली आणि तिच्या स्नायूंची शक्ती बरीचशी परत आली. छातीतील गाठीचा संबंध पापण्यांशी असू शकतो, हे त्यातून वैद्यकाला उमगले.

क्ष-किरणाच्या चित्रात हृदयाच्या कडेला दिसणारी सावली ही गाठीची आहे की महाधमनीला आलेल्या फुग्याची, हा प्रश्न तर नेहमीचाच. गाठ समजून फुग्यात सुई घातली तर प्राणघातक रक्तस्राव होतो. म्हणून हृदयालगतची गाठ काढू पाहणाऱ्याला आधी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे ज्ञान असावे लागते. रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ सोडविताना वाहिनीला छेद गेला तर ती तेथल्या तेथे शिवता आली पाहिजे. भारतात ही विद्या ज्यांनी रुजविली त्यांत डॉ. सेन यांचे स्थान फार वरचे आहे.

महाधमनीचा अभ्यास

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून साऱ्या देहाला रक्त पुरविणारी मुख्य वाहिनी. केईएममध्ये येणाऱ्या तरुण रुग्णांत सेन यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. वीस-पंचवीस वर्षांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हातांतील रक्तदाब अतिशय वाढलेला असे. पायांची नाडी मात्र क्षीण लागे किंवा लागतच नसे. काहींच्या बाबतीत हातांची नाडीच नाहीशी झालेली असे. जपानमधील नेत्रतज्ज्ञ डॉ. ताकायासू यांनी १९०८ साली वर्णन केलेल्या रोगाशी याचे साम्य होते. परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत हा विकार मुख्यतः महाधमनीच्या कमानीचा म्हणून सांगितला जाई. आपल्या रुग्णांत तो खाली, छाती आणि पोट यांतील महाधमनीतही आढळतो, हे सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

१९६३ साली त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नल या मान्यवर नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि महाधमनीच्या मधल्या भागातील या अरुंदपणाला ‘मिडल एऑर्टिक सिंड्रोम’ हे नाव दिले. परळच्या पालिका रुग्णालयात ठरलेले हे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आजही वापरले जाते. पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला एक प्रबंधही त्यांनी डॉ. किनरे, डॉ. केळकर आणि डॉ. परुळकर या सहकाऱ्यांसमवेत सिद्ध केला. पायांची नाडी न पाहता केवळ दंडाचा रक्तदाब मोजून तरुण रुग्णाला परत पाठवू नये, हा त्यातील धडा आजच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. सेन यांची कित्येक उपकरणे पश्चिमेकडून आली होती. तरी आपल्या मातीतील रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी उसनी आणली नव्हती.

सर्पाच्या हृदयातील कोडे

सेन यांची जिज्ञासा केवळ मानवी देहापुरती मर्यादित नव्हती. मनुष्याच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून जाणाऱ्या लहान धमन्यांतून. त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची रचना मात्र निराळी असते. त्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असून आतल्या पोकळीतील रक्त सूक्ष्म मार्गांनी थेट त्यात झिरपते. मानवी हृदयात सुईने असे मार्ग निर्माण करता येतील काय, असा विचार सेन यांच्या मनात आला. त्यावर त्यांच्या चमूने प्रयोगशाळेत काम केले आणि १९६५ साली अमेरिकेतील नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. पुढे भारतातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून गौरविले गेलेले डॉ. तेहेमटन उदवाडिया हे या निबंधाच्या लेखकांपैकी एक होते.

ही कल्पना सेन यांनी योजिल्याप्रमाणे टिकली नाही. सुईने पाडलेले मार्ग कालांतराने बुजतात असे दिसून आले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पायातील शीर काढून तुंबलेल्या धमनीला वळसा घालण्याची बायपास शस्त्रक्रिया आली आणि तीच प्रचलित झाली. मात्र १९८०च्या दशकात सुईच्या जागी लेझर किरण वापरून हीच कल्पना परदेशात पुन्हा पुढे आली. तिच्या उपयुक्ततेविषयी मतभेद राहिले. तरी तिच्या इतिहासात मुंबईच्या सेन यांचे नाव प्रारंभीच घेतले जाते.

फेब्रुवारी १९६८

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या देहात बसविले आणि सारे जग थक्क झाले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्क येथे डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी आणि ६ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियात डॉ. नॉर्मन शमवे यांनी हीच शस्त्रक्रिया केली. त्यानंतरचे चौथे शल्यविशारद होते मुंबईचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. जगातील ती अशी सहावी शस्त्रक्रिया होती.

हे धाडस एका रात्रीत सुचलेले नव्हते. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेच्या दोन वर्षे आधी, १९६५ सालीच, सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील शंभर हृदयप्रत्यारोपणांच्या प्रयोगांचा अहवाल भारतीय वैद्यक संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. जग ज्या दारावर थाप मारीत होते, त्याच दारापाशी परळमधील ही मंडळी मर्यादित साधनांनिशी उभी होती.

नवे हृदय बसविलेला रुग्ण मात्र काही तासांच्या वर जगू शकला नाही. त्याच वर्षी सेन यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. तो रुग्णही काही तासांतच दगावला. त्यानंतर भारतात ही वाट बंद झाली, ती तब्बल सव्वीस वर्षे.

या अपयशाचा विचार करताना त्या वर्षाची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. मेंदूचे कार्य पूर्णपणे थांबले म्हणजे मृत्यू, ही व्याख्या अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मांडली ती ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. भारतात तर अशा दानाविषयी कोणताच कायदा नव्हता. परके हृदय नाकारणाऱ्या देहाच्या प्रतिकाराला आवर घालणारी औषधे तेव्हा अपुरी होती. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास प्रत्यारोपणे झाली. त्यांतील बहुतेक रुग्ण अल्पकाळात दगावले आणि बहुतेक देशांनी ही शस्त्रक्रिया थांबविली. शमवे यांच्यासारखे मोजके संशोधक तेवढे चिकाटीने अभ्यास करीत राहिले. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले, तेव्हा कोठे ही शस्त्रक्रिया पुन्हा उभी राहिली.

भारत सरकारने १९६९ साली पद्मभूषण देऊन सेन यांचा गौरव केला. शस्त्रक्रियागृहातील अपयश जाहीर झाल्यानंतरच्या वर्षी आलेला हा सन्मान त्यांच्या दोन दशकांच्या समग्र कार्याचा होता, असे मानणे योग्य ठरेल.

मूक जीवांचे ऋण

अहिंसा हा ज्यांचा परमधर्म आहे, त्यांना या कथेतील एक भाग वाचताना वेदना होणे स्वाभाविक आहे. शंभर प्रयोग म्हणजे शेकडो मूक प्राण्यांचे जीव. हृदयशस्त्रक्रियेचे जगभरचे सारे ज्ञान अशा प्राण्यांच्या देहावरून आले आहे; झडपेवरील उपचार असो, यंत्र असो वा प्रत्यारोपण असो. वाचलेल्या माणसांकडे पाहून ही हिंसा विसरणे योग्य नाही आणि तिच्याकडे पाहून वाचलेल्या माणसांचे मोलही नाकारता येत नाही. हा प्रश्न तर्काने पूर्णपणे सुटणारा नाही. भारताने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूदही त्यात केली. प्राण्यांचा वापर टाळावा, टाळणे अशक्य असेल तर कमी करावा आणि वेदना होऊ देऊ नयेत, हे तत्त्व पुढे जगभर स्वीकारले गेले. ज्यांच्या आप्तांच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, त्यांनी डॉक्टरांच्या बरोबरीने या मूक जीवांचेही ऋण मनात ठेवावे आणि जीवदयेच्या कार्याला हातभार लावावा, हे या ऋणाचे थोडेसे तरी उतराई होणे आहे.

बीज आणि वृक्ष

डॉ. सेन यांचे १९८२ साली निधन झाले. आपण पेरलेले बीज उगवल्याचे त्यांना पाहावयास मिळाले नाही. १९९४ साली भारताच्या संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत केला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता दिली. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. २०१५ साली पुण्यातील दात्याचे हृदय तातडीने मुंबईस नेऊन तेथील रुग्णाला बसविण्यात आले. आणि जुलै २०२४ मध्ये, सेन यांच्या प्रयत्नानंतर ५६ वर्षांनी, त्याच केईएम रुग्णालयात पुन्हा हृदयप्रत्यारोपण झाले.

डॉ. सेन यांचा खरा वारसा मात्र याहून मोठा आहे. त्यांच्यानंतर हृदयशस्त्रक्रियेची धुरा वाहणारे डॉ. परुळकर यांच्यासारखे सहकारी आणि शिष्य त्यांनी घडविले. सार्वजनिक रुग्णालयातही जागतिक तोलाचे संशोधन होऊ शकते, हे त्यांनी कृतीने दाखविले. आपल्या अपयशाच्या नोंदी त्यांनी दडविल्या नाहीत. यशाइतक्याच काटेकोरपणे त्या पुढच्या अभ्यासकांच्या हाती दिल्या. झडप मोकळी झालेल्या, महाधमनी शिवली गेलेल्या ज्या असंख्य सामान्य रुग्णांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात आली नाहीत, त्यांच्या संसारात हा वारसा जिवंत राहिला.

त्यांच्या जीवनातून समाजाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. पहिला बोध विश्वस्तांसाठी. एका दानाला जोडलेली विचारपूर्वक अट शंभर वर्षे फळ देत राहू शकते. इमारत बांधणे हे दानाचे एक अंग आहे. त्या इमारतीत कोणाला उभे राहण्याची संधी मिळेल याचा विचार करणे हे त्याहून महत्त्वाचे अंग आहे. दुसरा बोध तुम्हा-आम्हा सर्वांसाठी. हृदयप्रत्यारोपणात शल्यविशारदाचे कौशल्य, औषधे आणि यंत्रे ही सारी असूनही एका गोष्टीवाचून सर्व अडते, ती म्हणजे दात्याच्या कुटुंबाची संमती. ज्या क्षणी घरावर आकाश कोसळलेले असते, त्याच क्षणी कोणा अपरिचिताला जीवनदान देण्याचा निर्णय करावा लागतो. आपल्या देहाचा असा उपयोग व्हावा अशी ज्याची इच्छा असेल, त्याने ती आधीच आप्तांना सांगून ठेवली तर त्या कठीण घडीला त्यांचा भार हलका होतो. औषधदान आणि अभयदान ही दोन्ही एकाच कृतीत सामावणारी अशी संधी पूर्वीच्या पिढ्यांना लाभली नव्हती.

१९६८ साली साऱ्या जगासमोर अपयश पत्करूनही वाट दाखविणाऱ्या या शल्यतपस्व्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.